वच्छलाचं वजन

बोरगावचे बापूजी संत्र्याच्या बाबतीत कोणाचं ऐकत नसत, आणि काट्याच्या बाबतीत तर देवाचंही नाही. व्यापाऱ्यानं कॅरेट उचललं रे उचललं की यांची नजर काट्यावर. काटा बोलला म्हणजे विषय संपला. अशा शहाण्या माणसानं आपल्या बायकोलाच, वच्छलाबाईलाच, त्या काट्यावर उभं करावं आणि वर खुशही व्हावं, आता काय म्हणावं त्याला.

झालं असं, की त्यांची एकुलती एक लेक पूनम, पांढुर्ण्याला दिलेली, तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बोरगावलाच. वच्छलाबाईच्या पोटात आनंद मावेना, आणि त्याच संध्याकाळी तिला रडूही आलं. कारण गुडघे. खाली बसलं की उठणं होईना. बाळाला न्हाऊ घालायचं तर पाटावर बसून, पाय लांब सोडून, लेकरू नडग्यांवर घ्यावं लागतं. दिराची, नणंदेची, शेजारपाजारची कितीक पोरं तिच्या पायावर न्हायली होती. आणि आता स्वतःचं नातवंड यायचं, तर पूनमच्या सासूचा निरोप आला, विहीणबाईंनी त्रास घेऊ नये, न्हाऊ घालणारी बाई आम्ही पांढुर्ण्याहून पाठवू. निरोप मायेचाच होता. पण वच्छलाबाईच्या तो जिव्हारी लागला.

"माह्याच पायावर न्हायलं पाहिजे ते लेकरू," ती बापूजींना म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या नाही."

नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघे तपासले, गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या. वजन उतरवा, आणि मांड्यांचा व्यायाम करा. परतीची बस गावाजवळच्या सौंसरला पोचेपर्यंत दोघांच्या लक्षात फक्त पहिली राहिली होती.

मग काय, वच्छलाबाईनं सकाळची भाकर सोडली. वरणानं अंग सुटतं असं कोणीतरी सांगितलं, तर वरणही सोडलं. रात्री अर्धी भाकर आणि ठेचा. सोमवारचा उपास होताच, त्यात गुरुवारचाही आणला. आंब्या बहाराचा, म्हणजे हिवाळी संत्र्याचा, माल निघून गेला होता, काटा पडवीत रिकामाच होता. दर बाजाराच्या दिवशी ती त्यावर चढायची आणि बापूजी चष्मा पुसून वाकायचे. "उतरलं," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की संत्र्याला भाव आल्यावरही कधी फुलला नसेल. चारचौघांत सांगत फिरले, आमच्या वच्छलासारखी जिद्द कोणात नाही म्हणून.

तिला भर दुपारी शाल लागायला लागली होती. भांडी घासताना मधेच बसायची. बापूजींना हे दिसत नव्हतं असं नाही. पण काटा खाली चालला होता ना, मग सगळं ठीकच असणार, असं त्यांनी मनाला पटवून ठेवलं होतं.

एका दुपारी ते बगीच्यातून आले तर घरात चूल थंड आणि हाकेला ओ नाही. न्हाणीत पाहिलं. वच्छलाबाई पाटावर बसली होती, पाय पुढे सोडलेले, आणि पायांवर गोधडीची गुंडाळी, बाळासारखी ठेवलेली. सराव करायला बसली होती बिचारी. बसली ती बसलीच.

"आवाज काऊन नाही देला वं?"

"कायले देऊ? लाज वाटून राहिली होती." तिनं वर पाहिलं. "गुडघे नाही दुखून राहिले जी आता. अंगात जीवच नाही."

बापूजींनी तिला काखेत हात घालून उठवलं. ती हलकी लागली, आणि इतके महिने ज्या हलकेपणावर ते खुश होते, त्याच हलकेपणाची आता त्यांना धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते तिला सौंसरला करुणाकडे घेऊन गेले. करुणा म्हणजे गावातल्या हिरामणची मुलगी, पूनमच्या वर्गातली. फिजिओथेरपी शिकून आता तिथल्या दवाखान्यात होती. तिनं बापूजींकडून काट्याची सगळी हकीकत ऐकली, वच्छलाबाईला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, हातात यंत्राच्याच दोन मुठी दिल्या, आणि पडद्यावरचे आकडे एकेक करून वाचले.

"काका, तुमचा काटा खोटं नाही बोलला," ती म्हणाली. "पण किती गेलं तेवढंच त्यानं सांगितलं, काय गेलं ते नाही. काकूची चरबी गेली, अन् जवळजवळ तेवढंच मांसही गेलं. ज्याच्या जोरावर उठायचं तेच."

"म्हणजे साल राहिली अन् गर गेला?"

करुणा हसली. "तसंच समजा. पण काकूले तसं म्हणू नका."

"मी इथंच हाय," वच्छलाबाई म्हणाली.

मग करुणानं तिच्याजवळ स्टूल ओढलं आणि सावकाश सांगितलं. माणूस नुसता झोपून राहिला तरी शरीर आतून जळण जाळतच असतं, श्वासासाठी, रक्तासाठी, अंगाच्या उबेसाठी. जेवण तोडलं की शरीर घाबरतं आणि हात आखडून खर्च करतं. म्हणून ती थंडी, तो थकवा. त्यात मांस कमी झालं की खर्च अजून कमी. मग चार दिवस पोटभर खाल्लं तर चरबी आधी परतते, मांस मागेच राहतं. "वरण रोज दोन्ही वेळा, काकू. दही, उकडलेले चणे, चालत असन तर अंडं. अन् खुर्चीवरून बसा-उठा. आधी हाताच्या आधारानं, मग बिनहातानं."

घरी आल्यावर खरी कसरत सुरू झाली. वच्छलाबाई वरणाच्या वाटीकडे शत्रूसारखी पाहायची. उठबस करताना तिला एकटीला हसू यायचं, म्हणून बापूजीही शेजारी खुर्ची घेऊन बसले. यांचेच गुडघे जास्त वाजायचे. पुढे पुढे ती तुरीच्या डाळीची पिशवी छातीशी धरून उठायला लागली. एके दिवशी मात्र ती गुपचूप काट्यावर चढली, वजन वाढलेलं दिसलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"गेला काटा खड्ड्यात," बापूजी म्हणाले. उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हणाले. "मले तू उठती पाहिजे वच्छला. किलोवर कोण मोजून राहिलं तुले?" आणि त्यांनी काटा उचलून बगीच्यातल्या खोलीत नेऊन टाकला.

ऐन उन्हाळ्यात पूनमला मुलगी झाली. पांढुर्ण्याहून बाई बोलवावी लागली नाही. वच्छलाबाई पाटावर बसली, पाय सोडले, आणि लाल गुलाबी लेकरू नडग्यांवर घेतलं. तेल, कोमट पाणी, सगळं यथासांग. बापूजी दाराशी हात पुढे करून तयार. तिनं टॉवेलात गुंडाळलेलं बाळ उराशी धरलं, एक पाय दुमडून घेतला, आणि उठली. कोणाचा हात न धरता उठली. बापूजी पुढे केलेला हात घेऊन अंगणात गेले आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.

आत पूनमनं निम्मं ताट बाजूला सारलं होतं. "बस झालं आई. पोट किती सुटलं पाह्य. मले लवकर बारीक व्हायचं हाय."

वच्छलाबाईनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, वरणाची वाटी भरली, वर तूप सोडलं आणि पुढ्यात सरकवली.

"खाय," ती म्हणाली. "तुलेही एक दिवस हिच्या लेकराले न्हाऊ घालायचं हाय."

पूनमनं मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं, आणि ताट जवळ ओढलं.