म्हसूआबांचा राहिलेला टिक्का

मी एक जुना कुंचा आहे. काठी बांबूची, केस शेळीचे. शेळीला विचारलं नव्हतं. मुळशीतल्या एका धनगरवाड्यावर सिद्धू माझ्याने मेंढरांना औषध लावायचा, मग मला उलटं करून काठीचं टोक गेरूत बुडवायचा आणि कपाळावर टिक्का द्यायचा. ज्याला टिक्का नाही, ते मेंढरू औषधाचं राहिलं. मानाचं काम!

मित्रांनो, अठ्ठावन्न साली घरात खरूज शिरली. सिद्धू, त्याची बायको कोंडाबाई आणि पोरं इतकी खाजवत, की कुत्रं लाजून दुसरीकडे जायचं. डॉक्टरांनी पांढरं औषध दिलं. घरातल्या सगळ्यांना लावा, म्हणाले. मी सगळ्यांना मानेपासून खाली रंगवलं. सिद्धूने सवयीने टिक्केही दिले.

राहिले फक्त सिद्धूचे वडील, म्हसूआबा. हातांवर बाभळीच्या सालीसारखे जाड पापुद्रे, पण खाज नाही. वाडीने महारोग ठरवून टाकला होता. आबांचं ताट शेळ्यांच्या खोपटात जायचं. शेळ्यांची तक्रार नव्हती. नातवंडं मात्र दुपारी चोरून त्यांच्याच घोंगडीत झोपत.

"मला कशाला औषध?" आबा म्हणाले. "आमच्यात खाजवायची पद्धत न्हाई."

महिन्यात खाज परत आली. सिद्धूने पुन्हा औषध लावून टिक्के दिले; आबा पुन्हा राहिले. मग डॉक्टर स्वतः आले. सगळ्यांची कपाळं पाहून म्हणाले, "आबांना टिक्का का नाही?"

त्यांनी कोंडाबाईचं बोट आणि आबांचा पापुद्रा भिंगाखाली धरला.

"बाई, तुमच्या अंगावर पाच-दहा किडे असतील. आबांच्या अंगावर जत्रा भरलीय. तिथूनच ते घरभर परत येतात."

"आन् मला पत्ता न्हाई?" आबा म्हणाले.

"तुमचं अंग कुरकुरच करत नाही, म्हणून ते माजले. दोघांनाही खरूजच आहे. आणि महारोग असता, तरी माणूस शेळ्यांत ठेवतात का?"

कोंडाबाई उठली, खोपटातलं ताट उचलून चुलीजवळ मांडलं. "मामंजी, चला. भाकरी गार हुतीया."

आबांना पुढं बरेच दिवस मलम चोळलं, पापुद्रे भिजवून काढले. सगळ्यांना एकाच दिवशी औषध लागलं. घोंगडी उकळल्यावर आटून लंगोटाएवढी झाली.

औषध लागलं त्या दिवशी आबांनी हट्टाने टिक्का घेतला. मग मला हातात धरून डॉक्टरांकडे वळले. "सायेब, तुमी मला शिवला. वाकवा डोकं." डॉक्टर तसेच टिक्का लावून मुठा गावी गेले. तिथं म्हणे दोघांनी त्यांना देवऋषी समजून पाया पडून कोंबडं कबूल केलं.

मित्रांनो, आता माझे केस गळालेत. काम झालं की मला धुऊन उन्हात ठेवत जा. आणि घरात औषध लावाल, तेव्हा टिक्का नसलेला माणूस आधी शोधा. तो बहुतेक शेळ्यांत बसलेला असेल आणि म्हणेल, "मला काय धाड भरलीय?"