बॅगेतले सात मोबाइल

दिग्रसच्या बसस्टँडमागे नौशादचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाला भाव नाही म्हणून त्या वर्षांत नवा मोबाइल कोणी घेत नव्हतं. जुनाच पुन्हा पुन्हा दुरुस्तीला यायचा. त्यामुळे नौशादकडे काम भरपूर, आणि कामापेक्षा अक्कल जास्त, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

अवघड दुरुस्तीसाठी गिऱ्हाइकांचे सात मोबाइल घेऊन तो मुंबईला गेला. परतताना तिथल्या मेहुण्याने नागपूरपर्यंतचं स्वस्तातलं विमानाचं तिकीट काढून दिलं. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, पण बसल्याबरोबर त्याने खिडकीजवळच्या माणसाला धारेवर धरलं. हे यवतमाळच्या कचेरीतले नंदकिशोरबाबू. बायकोशी फोनवर बोलत होते.

“बंद करा साहेब! रेडिओजवळ मोबाइल ठेवला तं टर्र टर्र वाजते का नाही? तसंच पायलटच्या यंत्राचं होते. रस्ताच चुकते त्याचा.”

नंदकिशोरबाबूंनी ओशाळून फोन बंद केला. पुढे तासभर नौशादने त्यांना लहरींचं शास्त्र शिकवलं.

नागपूर आलं, पण विमान उतरेना. एक घिरटी झाली, दुसरी झाली, तिसरी सुरू झाली.

“तोच तलाव पुन्हा आला,” नंदकिशोरबाबू खिडकीतून बघत म्हणाले. “कोणाचा तरी फोन चालू असन.”

नौशादने खिसा चाचपला. स्वतःचा फोन त्याने आठवणीने बंद केला होता. पण वर ठेवलेल्या बॅगेतले सात? सकाळीच तपासून, सातही चालू करून, त्यानेच तर भरले होते!

तो पट्टा सोडून उठला.

“बसा, बसा!” एअर होस्टेस धावत आली.

“बसतो ताई, पण हे विमान मीच भटकवून राह्यलो!”

बॅग मांडीवर घेऊन तो घामाघूम होत एकेक मोबाइल बंद करू लागला. सगळं विमान माना वळवून बघत होतं. सातवा बंद झाला आणि विमान खाली उतरू लागलं. नौशादने डोळे मिटून अल्लाचे आभार मानले.

दारात पायलट उभा होता. नौशादने त्याच्यापुढे हात जोडून सगळं कबूल केलं.

पायलटला हसू आवरेना. “अहो, कापसाची पाहणी करायला दिल्लीचे पाहुणे आलेत. त्यांचं विमान उतरेपर्यंत आम्हाला वरच थांबवलं होतं. फोनने कधी कधी माझ्या कानात खरखर होते, पण रस्ता चुकल्याचं मी तरी पाहिलं नाही. तरी बंदच ठेवत जा. कुठला फोन काय करील, हे सगळं तपासून कोणी पाहिलंय?”

मागे नंदकिशोरबाबू हे ऐकत उभे होते. यवतमाळच्या एसटीतही दोघं शेजारीच बसले. बाबू सभ्य माणूस, तोंडावर रुमाल धरून बसले. फक्त त्यांचे खांदे हलत होते. शेवटी नौशादच खो खो हसत सुटला. “हसा साहेब, मोठ्यानं हसा!”

ही गोष्ट दिग्रसला दुसऱ्या कोणी पोहोचवण्याआधी आपणच सांगावी, म्हणून घरी जाताच त्याने बायकोला, निलोफरला, सगळं सांगून टाकलं.

ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “वरून ढग पिंजलेल्या कापसावानी दिसतेत म्हणे. खरं का?”

नौशादने मान खाली घातली. बोलण्याच्या नादात त्याने खिडकीबाहेर एकदाही बघितलं नव्हतं.