वांगी की मोतिया

सिंदी मेघेतल्या आमच्या घरात बैठकीला रंग द्यायचं ठरलं, कारण रविवारी मला पाहायला पाहुणे येणार होते. मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवते. म्हणजे रंग पाहण्याचाच मला पगार मिळतो. म्हणूनच बहुधा घरात माझं सोडून सगळ्यांचं मत घेतलं गेलं.

बाबांना मोतिया हवा होता, शोभाआत्याला वांगी. रंगारी रूपरावांनी भिंतीवर दोन्हींचे हातभर पट्टे मारून दिले आणि बाबांना म्हणाले, "महादेवराव, वांगी रंगानं खोली लहान दिसते. मोतियाच घ्या."

"पाहुणे का खोली पाह्याले येऊन राह्यले?" आत्या कडाडली. तिनं मला दंडाला धरून मोतियापुढच्या खुर्चीत बसवलं, दोन पावलं मागे गेली, डोळे बारीक केले. "पाह्य दादा, इथं पोरगी सावळी दिसते. आता तिकडं सरक वं." मी सरकले. "झाली का नाई गोरी?"

बाबांनी चष्मा पुसला. मला पाहिलं, भिंत पाहिली आणि चक्क मान डोलावली. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, मी तीच आहो ना."

"तीच आहेस माय. पण दिसाले चांगलं दिसलं त काय बिघडते?"

शनिवारपर्यंत बैठक वांगी झाली. भरदिवसा दिवा लावल्याशिवाय तिथं चहाचा कप सापडेना. आत्यानं वर पडदेही ओढून घेतले.

रविवारी कारंज्याहून स्वप्निल आणि त्याची आई आनंदाबाई आले. मी पोहे ठेवले आणि ठरलेल्या खुर्चीत बसले. आनंदाबाईंनी मला पाहिलं, मग भिंतीला, आणि त्यांना हसू आलं.

"माह्या पोरीच्या, रक्षाच्या वेळेस मीबी गडद हिरवा मारला होता," त्या म्हणाल्या. "चाल बाई अंगणात. उजेडात पाहू."

आत्याचा चेहरा पडला. बाबा उगाच चपला शोधू लागले. मला लाज वाटायला हवी होती, पण आला तो संतापच. मी अंगणात जाऊन भर उन्हात उभी राहिले आणि हाक मारली, "स्वप्निल, तुमीबी बाहेर या. मलेबी पाह्यचं हाय."

स्वप्निल बँकेत शाखाधिकारी. हाताखाली बारा माणसं आहेत म्हणे. तो अर्धवट उठला आणि आईकडे वळला.

"आई, जाऊ का?"

"बाबा," मी तिथूनच म्हटलं, "पोहे खाऊन जाऊ द्या त्यायले. पण माह्याकडून नाई."

"असं कुठं असते का?" आनंदाबाई बाबांकडे फिरल्या. "पोरगी काऊन बोलून राह्यली? तुमी सांगा."

बाबा एका पायात चप्पल घालून उभे होते. त्यांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"सांगितलं ना तिनं," ते म्हणाले.