इस्त्रीच्या रुमालातलं भिंग

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडं, लाकडी मूठ आणि काठाशी एक बारीक ओरखडा. कारागिराने मला घासून घासून घडवलं आणि माझी वर्णी लागली ती थेट त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर. किती खरूज, किती पुरळ, किती गजकर्णं माझ्याखालून गेली, त्याची मोजदाद नाही. पुढे कॅमेऱ्याचं नवं यंत्र आलं आणि माझ्या वाट्याला खण आला. पण बाईंची एक सवय सुटली नाही. यंत्राने पाहून झालं तरी उठण्याआधी त्या एकदा मला उचलायच्या आणि मग त्याच जागेवरून बोट फिरवायच्या.

एकदा लॉन्ड्रीवाले नवरा-बायको आले. वाफेत आणि ओल्या कपड्यांत दिवस जायचा, त्यामुळे नवऱ्याला गजकर्ण झालं होतं. मलमाने ते गेलं. मग बायकोच्या छातीवर तसाच लाल, गोल चट्टा उठला. टॉवेल एकच, तेव्हा रोगही तोच, असं घरात ठरून गेलं. तेच मलम ती कितीतरी महिने चोळत राहिली.

"यांनी दिलेली एवढी एकच वस्तू टिकलीय बघा," ती म्हणाली. नवरा ओशाळून हसला.

बाईंनी विचारलं, "खाज सुटते?"

"अजिबात नाही. तेवढंच सुख."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचललं. गजकर्णाच्या कडेला कोंडा असतो, इथे नव्हता. कातडीखाली मात्र मोहरीएवढे दाणे मी दाखवले, आणि बोटाला ते टणक लागले. खरवडून तपासलं तर गजकर्णाची बुरशी सापडली नाही. मग चट्ट्याचा इवलासा तुकडा तपासणीला गेला.

निघाला कर्करोग. स्तनात खोलवर गाठ होती, तिचा तिलाही पत्ता नव्हता. तिथून तो कातडीवर आला होता, गजकर्णाचं सोंग घेऊन.

"माझंच लागलेलं असतं तर बरं झालं असतं हो," नवरा एवढंच म्हणाला.

बाईंनी काही लपवलं नाही. मुळासकट जाईल असा शब्द देता येत नाही, पण आवरता येईल, म्हणाल्या. उपचार लगेच सुरू झाले.

बऱ्याच काळाने ती पुन्हा आली. डोक्यावर केस नुकते उगवलेले, चट्टा फिकटलेला. तिने पिशवीतून घडी केलेला मऊ, पांढरा रुमाल काढला.

"हा तुमच्या भिंगाला. यांनी स्वतः इस्त्री केलाय. यांनी दिलेली ही वस्तू मात्र टिकली पाहिजे."

तेव्हापासून माझा मुक्काम खणात नाही, टेबलावर, त्या रुमालात आहे. यंत्र शेजारीच असतं. माझी ऐट त्यालाही दिसत असणार.

मित्रांनो, मला पुसताना मऊ कापडच घ्या. काचेवरचा ओरखडा भरून येत नाही. आणि घरात कुणाचा चट्टा औषध लावूनही हटत नसेल, तर 'त्याला झालं तेच हिला' म्हणून झाकून ठेवू नका. उजेडात आणा. पाहायला आम्ही आहोत.