मला पोथी म्हणू नका

मी वही बोलतेय. पोथी म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे!

बेळगावात केशवराव वकिलांच्या देवघरात, तांबड्या रेशमी फडक्यात गुंडाळून मला चौरंगावर ठेवलंय. रोज हळदकुंकू, गुरुवारी हार. लोक म्हणतात, ही गिरिबोवांच्या हातची पोथी, अडीचशे वर्षांची. साफ खोटं! मला अजून चाळीसही पुरी झाली नाहीत.

माझा जन्म निपाणीच्या बाजारातला. दुकानदारानं गिरणीचा कागद दुमडून शिवला आणि मी झाले. मला विकत घेतलं राजाबाईनं. ती तंबाखूच्या वखारीत पानांचे देठ काढायची. हात चालायचे तसं तोंडही चालायचं आणि तोंडातून अभंग यायचे. लिहिता मात्र येत नव्हतं. म्हणून संध्याकाळी ती शेजारच्या मारुतीराव गुरुजींच्या कट्ट्यावर येऊन बसायची.

"गुर्जी, एवढं लिवून घ्या की. उद्यापतूर इसरंन मी."

गुरुजी जुन्या वळणाचे, बोरूनं लिहिणारे. ती सांगायची, ते लिहायचे:

देठ हाती राहे । पान जाई दूर ।
डोळां येई पूर । राजा म्हणे ॥

शेवटी आपलं नाव घालायचं ही अभंग रचणाऱ्यांची रीतच. राजाबाई आधी लाजली. "माझं नाव कशाला वो?" गुरुजी म्हणाले, "जेनं केलं तेचं नाव पायजे. न्हाईतर कोण बी उचलंल." किती खरं बोलले ते!

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत राजाबाई गेली, गुरुजीही गेले. मी राजाबाईच्या लेकीच्या, शालूबाईच्या ट्रंकेत राहिले. तिलाही वाचता येत नव्हतं, पण आईचे अभंग तिला तोंडपाठ होते. सणासुदीला मला बाहेर काढून नुसता हात फिरवायची. तेवढ्यानं माझं पोट भरायचं.

मग हे केशवराव आले. त्यांना जुन्या हस्तलिखितांचा नाद. बोरगाव, निपाणी, सगळीकडे गोळा करत हिंडायचे. "दोन महिन्यांत नक्कल करून परत पाठवतो, बाई," म्हणाले. वकिलाचा शब्द म्हणून शालूबाई विसंबली.

नक्कल कसली! केशवरावांकडे दुनियेच्या पोथ्या होत्या, पण स्वतःच्या घरातली एक नव्हती. गिरिबोवा त्यांचे पूर्वज, मोठे संत होते म्हणे; पण बोवांची एक ओळ कुणी पाहिलेली नव्हती. ती उणीव माझ्यावर भागवली. माझी शिवण उसवली, पानं सुटी केली, तंबाखूच्या पाण्यात बुडवून पिवळी केली. मग चाकूनं प्रत्येक 'राजा' खरवडून तिथं 'गिरी' लिहिलं. तो चाकू मला अजून जाणवतो.

पुण्याहून हरिभाऊ नावाचे संशोधक आले. पान उजेडात धरून बघू म्हणाले. मी मनात म्हटलं, सुटले! एक पान धरलं असतं तरी कागदात उमटलेला गिरणीचा छाप दिसला असता; अडीचशे वर्षांपूर्वी कागदाच्या गिरण्या कुठल्या? पण केशवराव हात जोडून म्हणाले, "पोथी सोवळ्यात आहे हो. दर्शन घ्या, पण हात नको." आणि त्या शहाण्या माणसानं पगडी काढून साष्टांग नमस्कार घातला! म्हणे देठ म्हणजे देह, पान म्हणजे प्राण, आणि डोळ्यांचा पूर हा भक्तीचा. अहो, तो वखारीत डोळ्यांत जाणाऱ्या तंबाखूच्या खकाण्याचा पूर होता! पुण्याला परत जाऊन त्यांनी मासिकात छापलं, पोथी अस्सल. वाचायची सोडून पूजाच करायची, तर एवढं शिकलात कशाला?

शालूबाई मागायला आली. "वकीलसाहेब, आईची वही द्या की."

"कसली वही? माझ्याकडे फक्त पोथ्या आहेत."

त्याच वर्षी वकिलांच्या अंगणात, बोवांच्या उत्सवात कीर्तनकारानं तोच देठाचा अभंग घेतला. शालूबाई गर्दीतून ताडकन उठली. "राजा म्हणे! ह्यो माझ्या आईचा अभंग हाय!" बायकांनी तिला खाली ओढलं. "आक्का, आसं बोलू ने गं, पाप लागंल. बोवांचाच अभंग तुज्या आईच्या कानावर पडला आसंल."

तरी ती दर वर्षी यायची. ती ओळ आली की शंभर गळे 'गिरी' म्हणायचे आणि एकटी शालूबाई 'राजा' म्हणायची, मोठ्यानं. त्या एका आवाजासाठी मी वर्ष काढायची.

यंदाही आली. रस्त्यात स्वातंत्र्याच्या पताका अजून लटकत होत्या. शालूबाई वाकलीय आता, हाताला धरून नात आणली होती. ओळ आली. मी कान लावून होते.

शालूबाई 'गिरी म्हणे' म्हणाली.

"आज्जी, कुणाचं गं ह्ये?" नातीनं विचारलं.

"गिरिबोवांचं. पाया पड."

माझा संताप झाला. शालूबाईवर नाही, वीस वर्षं एकटीनं किती भांडायचं तिनं? राग आहे तो केशवरावांवर, आणि माझ्यापुढं डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसावर.

शालूबाई आता सांगणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. निपाणीला गेलात तर त्या पोरीला गाठा. तिला म्हणावं, तुझ्या पणजीचं नाव राजाबाई, आणि हे अभंग तिचे. बेळगावला ये, फडकं सोड, मला हातात घे. लोक म्हणतील, पाप लागेल.

लागलं तर ते माझ्या माथी.