चौथ्या खंडातला सम्राट

वीस वर्षांपूर्वी रोमच्या इतिहासाचे सहा जाडजूड खंड बाइंडरमावशींनी वाचनालयासाठी शिवले होते. निवृत्तीनंतर त्या ते वाचायला बसल्या.

"पहिल्यातच घोरशील," नवरा म्हणाला.

खंड पहिला: मावशी घोरल्या नाहीत.

खंड दुसरा, तिसरा: चहा नवऱ्यानेच केला.

खंड चौथा: एका पानावर मेलेला सम्राट पुढच्या पानावर गादीवर बसला! पानांचे दोन गठ्ठे मागेपुढे शिवले गेले होते. चूक मावशींचीच. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"आणि वीस वर्षांत एकाही वाचकाने सांगितलं नाही?" नवऱ्याने विचारलं.

मावशी ताठ बसल्या. "म्हणजे इथवर पोचलेली मीच पहिली!"

त्यांनी खंड उसवला, सम्राटाला आधी गादीवर बसवून मग मारलं, आणि ऐटीत पाचवा उघडला.