दुसरी डिस्क

गंगापूर रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात भाग्यश्री तपासणीची मशीनं सांभाळायची. कॉम्प्युटरचं काम तिला कुणी दिलं नव्हतं, तिनंच ते ओढून घेतलं होतं. व्हायरसमुळे दोनदा सगळं ठप्प झाल्यावर ती डॉक्टर मॅडमच्या मागे लागली, कॉम्प्युटरवर व्हायरसचा त्रास नसलेली लिनक्स प्रणाली घालून घेतली आणि जाडजूड पुस्तकं वाचून स्वतःच शिकली.

दवाखान्यात काचबिंदूचे पेशंट फार. या आजारात नजर कडेकडेनं चोरपावलांनी जाते, पेशंटला पत्ताच लागत नाही. म्हणून सगळ्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करायची. पेशंट एका गोल घुमटात डोकं ठेवून बसायचा, उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचा, आणि त्यावरून त्याच्या नजरेचा नकाशा तयार व्हायचा. आजचा नकाशा मागच्या नकाशाशी ताडून बघितला की आजार थांबलाय की सरकतोय ते मॅडमना कळायचं. मागचा नकाशा नसेल तर आजच्या नकाशाचा निम्मा अर्थच जातो. मशीनमध्ये जागा थोडी, म्हणून भाग्यश्री ते नकाशे फ्लॉपीवरून कॉम्प्युटरवर उतरवायची आणि मशीन रिकामं करायची.

हे सगळं एकाच डिस्कवर आहे, या विचारानं तिला चैन पडेना. तिनं दुसरी डिस्क मागवून कॉम्प्युटरमध्ये बसवली. लिनक्समध्ये क्रॉन नावाची एक सोय असते. कुठलं काम कधी करायचं ते एका ओळीत लिहून ठेवलं की ते आपोआप होत राहतं. भाग्यश्रीनं जेवणाच्या सुट्टीची वेळ घातली. रोज दुपारी दवाखाना शांत झाला की सगळ्या नकाशांची प्रत दुसऱ्या डिस्कवर जायची आणि पडद्यावर निरोप यायचा, ‘बॅकअप पूर्ण.’ पहिले काही दिवस ती डबा बाजूला ठेवून तो निरोप वाचायची. मग नुसती नजर टाकायला लागली.

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगचा कहर झाला. एकदा कॉम्प्युटरला जोडलेली बॅटरीही संपली, कॉम्प्युटर धाडकन बंद पडला आणि वीज आल्यावर पुन्हा सुरू झाला. निरोप पहिल्यासारखाच येत राहिला.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात पहिली डिस्क गेली. आधी कटकट आवाज, मग काहीच नाही. “असू दे मॅडम, दुसऱ्या डिस्कवर सगळं आहे,” भाग्यश्री हसत म्हणाली. तिनं ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. नकाशे निघाले, पण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंतचेच. त्यानंतरचं काही नाही.

मग चूक उमगली. कॉम्प्युटर नव्यानं सुरू झाला की दुसरी डिस्क आपणहून जोडली जावी, ही एक सूचना लिहायची तिच्याकडून राहून गेली होती. बॅटरी संपली त्या दिवसापासून डिस्क जोडलेलीच नव्हती. ती जिथं जोडली जायची त्या जागी त्याच नावाचा रिकामा फोल्डर होता, पहिल्याच डिस्कवर. वर्षभर प्रती तिथं पडत होत्या. मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच मेली होती.

“ज्यांचं गेलंय त्यांना सांग, मशीन नादुरुस्त होतं, तपासणी पुन्हा करावी लागेल,” मॅडम म्हणाल्या. “जास्त खोलात जाऊ नकोस.”

“पण मॅडम, पुन्हा केली तरी आजचंच कळणार ना? मागचं कुठून आणायचं?”

मॅडमनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पेशंटला नकाशाची एक चिठ्ठी छापून मिळायची. भाग्यश्री एकेकाला फोन करू लागली. बऱ्याच जणांनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. मखमलाबादच्या पुंजाकडे फोन नव्हता. तो गुलाबाची आणि शेवंतीची शेती करायचा, आणि लोडशेडिंगच्या त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा दवाखान्यात आला होता. म्हणजे त्याचे सगळेच नकाशे गेले होते. रविवारी ती स्वतःच त्याच्या मळ्यात गेली.

पुंजाची बायको तानुबाई पडवीत हार गुंफत बसली होती. तिनं आतून पिशवी आणून दिली. चिठ्ठ्या होत्या, पण त्या उष्णतेनं अक्षरं उमटणाऱ्या कागदाच्या. पत्र्याच्या घरातल्या उकाड्यानं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. भाग्यश्रीनं एकेक उजेडाकडे धरून तिरकी करून पाहिली.

“काय झालं ताई?” पुंजानं विचारलं.

मॅडमचे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते गिळून तिनं सगळं खरं सांगितलं. कॉम्प्युटर बंद पडला तो, डिस्क जोडलेली नव्हती ती, आणि ते काम आपलं होतं हेही.

पुंजानं ऐकून घेतलं. “म्हंजी माझा डोळा तवापासून कमी झाला का नाय, ते आता कुनालाच ठाऊक नाय?”

“नाही भाऊ.”

“लय भरवशानं येत व्हतो आमी,” तानुबाई म्हणाली. हातातला दोरा तिनं तोडला आणि उठून आत गेली. ती परत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीनं मॅडमना सांगून टाकलं की आपण खरं बोललो. मॅडम चिडल्या. पुंजा आल्यावर त्यांनी नव्यानं तपासणी केली. डाव्या डोळ्याची एक कड अंधारली होती. ती आधीपासूनची की आता आता झालेली, हे सांगायला काही आधारच नव्हता. “लगेच ऑपरेशन करू, किंवा औषध चालू ठेवून काही महिने बघू,” मॅडम म्हणाल्या. फुलांचा हंगाम तोंडावर आला होता. पुंजानं थांबायचं ठरवलं.

भाग्यश्रीनं ती राहून गेलेली सूचना लिहिली, तिसरी प्रत सीडीवर काढून मॅडमच्या घरी ठेवायला सुरुवात केली. बॅकअप झाल्याचा निरोप आला तरी ती रोज एखाद्या पेशंटचा नकाशा त्या प्रतीतून उघडून बघायची. डबा त्यानंतरच उघडायची.

दिवाळीनंतर पुंजा पुन्हा आला. घुमटात त्याचं डोकं होतं आणि डावीकडचे ठिपके एकामागून एक चमकून जात होते, पण बटण काही दाबलं जात नव्हतं. नकाशा छापून येण्याआधीच भाग्यश्रीला कळलं. आजार सरकत होता. मॅडमनी त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं. डोळ्यावरचा दाब उतरला, पण गेलेली नजर या आजारात परत येत नाही.

पट्टी काढल्यावर पुंजा तिच्या खोलीत येऊन बसला. मागे तानुबाई उभीच होती.

“ताई, ते पयलं समदं असतं, तर मॅडमला आधीच उमजलं असतं का?”

“कदाचित, भाऊ.”

“कदाचित नका म्हनू. हो म्हना, नायतर नाय म्हना.”

भाग्यश्रीनं त्याच्याकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली.

पुंजानं मान हलवली. रागावला नाही, समजूतही घातली नाही. उठून निघाला तेव्हा दाराशी त्याचा डावा खांदा चौकटीवर आपटला. तानुबाईनं पुढं होऊन त्याचा दंड धरला आणि त्याला जिन्याकडे वळवलं.